टेपवरील प्रतिध्वनी आणि गिटारवादक

विजापूरच्या गोलघुमटातील सज्जात उभे राहून टाळी वाजविली असता ती पुन्हा पुन्हा ऐकू येते, हा अनुभव अनेकांनी घेतलेला आहे. घुमटाचा आतील व्यास सुमारे ३८ मीटर आहे. साधारण तापमानात ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. समोरच्या भिंतीपर्यंत जाऊन परत येण्यास त्याला ७६ मीटरांचा प्रवास घडतो व ०.२२ सेकंद लागतात. परतलेला ध्वनी पुन्हा भिंतीवर आदळतो, थोडा क्षीण होतो व पुन्हा परततो. किती अंतर कापले आणि प्रत्येक फेरीत किती घट झाली, या दोन प्रश्नांच्या उत्तरांतच प्रतिध्वनीचे बहुतेक शास्त्र सामावलेले आहे.

विजेच्या गिटारीचा वादक हाच परिणाम एका लहानशा पेटीतून मिळवितो. त्या पेटीत भिंत नसते. तेथे चुंबकीय टेपचा एक अखंड फेरा फिरत असतो. टेपवर मुद्रित झालेला स्वर हवेतील ध्वनीप्रमाणे धावत नाही. तो टेपबरोबर, टेपच्याच गतीने पुढे सरकतो. ही गती सेकंदाला १९ सेंटिमीटर असली, तर ०.२२ सेकंदात टेप सुमारे ४.२ सेंटिमीटर पुढे जाते. म्हणजे गोलघुमटातील ७६ मीटरांचा प्रवास येथे बोटाच्या दोन पेरांएवढ्या जागेत मावतो.

या जागेच्या एका टोकास मुद्रणाचे हेड असते व दुसऱ्या टोकास वाचनाचे हेड असते. गिटारीकडून येणारा क्षीण विद्युत्प्रवाह प्रथम वाढविला जातो. मुद्रणाचे हेड त्याच्या चढउतारांप्रमाणे टेपवरील लोहऑक्साइडाचे कण चुंबकित करते, आणि तो भाग वाचनाच्या हेडसमोर आला की त्याच चढउतारांचा प्रवाह पुन्हा उत्पन्न होतो. फेरा पूर्ण होण्यापूर्वी पुसण्याचे हेड जुना लेख नाहीसा करून टेप कोरी करते. वाचलेल्या प्रवाहाचा काही अंश पुन्हा मुद्रणाच्या हेडकडे पाठविला म्हणजे प्रतिध्वनीचा प्रतिध्वनी मिळतो. यालाच पुनर्भरण म्हणतात.

ही युक्ती प्रथम ध्वनिमुद्रणगृहांत रूढ झाली. अमेरिकेत मेंफिस येथील सन स्टुडिओत सॅम फिलिप्स यांनी १९५४ मध्ये एल्विस प्रेस्ली यांची पहिली ध्वनिमुद्रिका तयार केली. तिच्यात ऐकू येणारा एकच, झटकन परतणारा प्रतिध्वनी टेपयंत्रातूनच काढलेला आहे. परंतु मुद्रणगृहातील यंत्र खांद्यावर टाकून रंगमंचावर नेता येत नाही. ही अडचण इलिनॉय राज्यातील रे बट्स यांनी गिटारीच्या ॲम्प्लिफायरमध्येच टेपचे यंत्र बसवून सोडविली. प्रेस्ली यांचे गिटारवादक स्कॉटी मूर यांनी त्यांचा ॲम्प्लिफायर १९५५ मध्ये घेतला. लंडनमध्ये चार्ली वॉटकिन्स यांचे ‘कॉपीकॅट’ १९५८ मध्ये निघाले, त्याच सुमारास अमेरिकेत माइक बॅटल यांचे ‘एकोप्लेक्स’ आले, आणि १९७४ मध्ये जपानच्या रोलँड कंपनीने तीन वाचन-हेडांचे ‘स्पेस एको’ बाजारात आणले.

पायाने दाबावयाच्या पेडलांचा इतिहास थोडा निराळा आहे, आणि खरेदी करणाऱ्याची फसगत बहुधा येथेच होते. फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत सँगस्टर व टीर यांनी १९६९ मध्ये एक मंडल शोधून काढले. आग लागली असता माणसे रांगेने उभी राहून पाण्याच्या बादल्या हातोहात पुढे देतात, त्याप्रमाणे या मंडलात विद्युत्भार एका धारित्राकडून दुसऱ्याकडे सरकत जातो. ‘ॲनालॉग डिले’ या नावाने विकली जाणारी बहुतेक पेडले या जातीची असतात; त्यांत टेप नसते. ज्यांच्या नावात ‘टेप’ हा शब्द असतो अशी कित्येक पेडले तर ध्वनीचे अंकांत रूपांतर करून टेपच्या गुणदोषांची नक्कल करणारी असतात. खरी टेप फिरविणारी पेडले आजही तयार होतात; डेन्मार्कच्या टी-रेक्स कंपनीचे ‘रेप्लिकेटर’ हे त्यांपैकी एक होय. पुढील विवेचन टेप खरोखर फिरत असलेल्या यंत्रास लागू आहे.

अशा यंत्रावर मुख्य नॉब तीन असतात: विलंबाचा, पुनरावृत्तीचा व मिश्रणाचा. मिश्रणाचा नॉब मूळ स्वर व प्रतिध्वनी यांचे प्रमाण ठरवितो. त्याविषयी अधिक सांगण्यासारखे फारसे नाही.

विलंब म्हणजे दोन हेडांमधील अंतर भागिले टेपची गती. काही यंत्रांत हेड सरकवून अंतर बदलतात, तर काहींत मोटारीची गती बदलतात. वाद्य लयीत ठेवावयाचे असेल तर थोडे गणित उपयोगी पडते. मिनिटास १२० मात्रांची लय असेल तर एक मात्रा ०.५ सेकंदाची होते, व पाऊण मात्रा ०.३७५ सेकंदाची. एका मात्रेचा विलंब ठेवल्यास प्रतिध्वनी पुढच्या स्वरावरच पडतो व त्यात लपून जातो. पाऊण मात्रेचा विलंब ठेवल्यास तो दोन स्वरांच्या मधल्या रिकाम्या जागी पडतो. एकाच वादकाचे वादन दुप्पट भरीव वाटू लागते. ०.१ सेकंदाच्या आसपासचा विलंब व एकच पुनरावृत्ती ही मेंफिसची जुनी रीत होय. मात्र मोटारीची गती यंत्र तापल्यावर किंचित बदलू शकते. म्हणून गणिताने जागा शोधावी व कानाने ती पक्की करावी.

वाजविता वाजविता गतीचा नॉब फिरविला तर स्वर चढतो किंवा उतरतो, हे पाहून नवशिक्यास यंत्र बिघडले असे वाटते. वस्तुतः त्या क्षणी दोन हेडांच्या मध्ये असलेला टेपचा तुकडा जुन्या गतीने लिहिला गेलेला असतो व आता नव्या गतीने वाचला जात असतो. गती दुप्पट झाली तर स्वर एक सप्तक वर जातो. तो तुकडा पुढे निघून गेला, की नव्या गतीने लिहिलेला भाग नव्याच गतीने वाचला जातो व स्वर पुन्हा मूळ जागी येतो.

पुनरावृत्तीच्या नॉबची चाल अधिक फसवी आहे. प्रत्येक फेरीत निम्मा ध्वनी परत जात असेल, तर चार फेऱ्यांनंतर तो सोळाव्या हिश्शावर येतो, विलंब ०.३ सेकंदाचा असल्यास सव्वा सेकंदात सारे शांत होते. तोच अंश नऊदशांश केला, तर ध्वनी एकदशांशावर येण्यास २२ फेऱ्या म्हणजे साडेसहा सेकंदांहून अधिक काळ लागतो, आणि तेवढ्या वेळात वादकाने बदललेले सारे सूर एकमेकांत मिसळून चिखल होतो. नॉब थोडासाच फिरलेला असतो; परिणाम मात्र पाचपटींहून वाढलेला असतो. अंश एकाहून अधिक झाला तर ध्वनी क्षीण होण्याऐवजी प्रत्येक फेरीत वाढतो, टेपची स्वतःची खरखरसुद्धा वाढत जाते, आणि वादकाने तारेस हात न लावताही यंत्र गर्जू लागते. टेपचे चुंबकन एका मर्यादेपलीकडे जाऊ शकत नसल्याने ही वाढ कोठेतरी थांबते. परंतु ती थांबेपर्यंत सभागृहातील श्रोत्यांचे कान व ध्वनिक्षेपकांचे पडदे यांची धडगत नसते. अशा वेळी प्रथम हात पुनरावृत्तीच्या नॉबकडे गेला पाहिजे. जमैकातील ली पेरी यांच्यासारख्या ध्वनिमुद्रकांनी १९७० च्या दशकात याच गर्जनेचा वाद्यासारखा उपयोग करून घेतला. तथापि तो त्यांनी हात नॉबवर ठेवून केला.

आता एक प्रश्न साहजिक उद्भवतो. अंकीय यंत्रे स्वच्छ, स्वस्त व हलकी असताना ही कुरकुरणारी मोटार कशासाठी बाळगावी? याचे उत्तर टेपच्या दोषांतच आहे. सेकंदाला १० हजार कंपनांचा स्वर १९ सेंटिमीटर गतीच्या टेपवर लिहिला, तर त्याची तरंगलांबी केवळ ०.०१९ मिलिमीटर होते. इतकी बारीक नक्षी पुरती लिहिणे व वाचणे हेडास जमत नाही. म्हणून प्रत्येक फेरीत तार छेडल्याचा टोकदार भाग थोडा अधिक झिजतो, व ही झीज चक्रवाढीने वाढते. परिणामी पहिला प्रतिध्वनी उजळ, तिसरा मऊ व सहावा धूसर असतो. दुरून येणारा आवाज जसा ऐकू यावा तसाच तो येतो, आणि ताज्या स्वराच्या वाटेत येत नाही. जुनी यंत्रे उगाच उराशी धरण्याचा छंद काहींना असतो हे खरे. पण या बाबतीत कान व गणित यांची साक्ष एकच आहे.

ब्रिटिश गिटारवादक ब्रायन मे यांनी एकोप्लेक्समध्ये फेरफार करून विलंब वाढविला, आणि स्वतःच्याच परतणाऱ्या स्वरांवर नवे स्वर बसवून एकट्याने अनेकांचे वादन साधले. त्यांचे १९७४ मधील ‘ब्रायटन रॉक’ हे या पद्धतीचे प्रसिद्ध उदाहरण आहे. याच मे यांनी २००७ मध्ये खगोलभौतिकीतील डॉक्टरेट मिळविली, हे येथे सहज आठवते.

यंत्राची जोडणी करताना क्रम महत्त्वाचा असतो. स्वर जाणूनबुजून फाडणारे पेडल प्रतिध्वनीच्या आधी जोडावे. ते नंतर जोडल्यास मूळ स्वर व सारे प्रतिध्वनी एकत्र भरडले जातात. ध्वनी कमीजास्त करणारे पेडलही आधीच असावे. म्हणजे पाय उचलल्यावर नवा स्वर थांबतो, पण आधीचे प्रतिध्वनी आपल्या गतीने विरत जातात. टेपवर जाणारा प्रवाह फार कमी ठेवल्यास खरखर वर येते, व फार जास्त ठेवल्यास स्वर फाटतो. जोराच्या छेडीस मापकाचा काटा लाल पट्टीच्या कडेस जेमतेम पोहोचावा.

सर्वांत अधिक हेळसांड होते ती स्वच्छतेची. टेपवरील ऑक्साइड झिजून हेडावर तपकिरी थर साचतो. हा मळ केवळ ०.००२ मिलिमीटर जाडीचा असला, तरी वर सांगितलेल्या १० हजार कंपनांच्या स्वराची ताकद जवळजवळ निम्मी होते. ५०० कंपनांच्या स्वरास मात्र त्याची फारशी बाधा होत नाही. यंत्र चालू दिसते, आवाजही येतो, पण तो कांबळ्याखालून आल्यासारखा वाटतो, आणि वादक दोष टेपला देतो. कापसाचा बोळा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून हेडे व टेप ओढणारा धातूचा दांडा पुसावा. रबरी रुळावर अल्कोहोल लावू नये. रबर कडक होऊन टेप घसरू लागते. पुसलेली जागा कोरडी झाल्यावरच फेरा परत चढवावा. त्यानंतरही जोडाची जागा हेडावरून जाताना दर फेरीस ‘टक्’ असा आवाज येत राहिला, तर तो फेरा बदलावा.