ओळख पटेल असा फोटो

किड्यांचे फोटो दोन प्रकारचे असतात. एक, जो बघून समोरचा "वा, काय फोटो आहे!" म्हणतो. दुसरा, जो बघून कीटकशास्त्राचा जाणकार किड्याचे नाव सांगू शकतो. पहिल्या प्रकाराबद्दल भरपूर लिहून झालंय : दवाचा थेंब, मागे धूसर हिरवळ आणि मधोमध चतुर. हा लेख दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे. आपल्या कॉलेजभोवती ऊस, मका, डाळिंब आहे. इथे नाव चुकले की फवारा भलत्याच किड्यावर बसतो.

उदाहरण पिंपळीचे घेऊ. तिथे एका मावशींच्या परसात वांग्याची थोडी झाडे आहेत आणि पलीकडे मका. एकाच सकाळी दोन्हीकडे मला अर्ध्या वाटाण्याएवढा, घुमटासारख्या पाठीचा, ठिपक्यांचा किडा मिळाला. शाळेच्या इंग्रजी पुस्तकात याला सरसकट लेडीबर्ड म्हणतात आणि 'शेतकऱ्याचा मित्र' असे सर्टिफिकेट देऊन मोकळे होतात. मावशींचे मत नेमके उलटे. "सगळी एकाच जातीची हायेत पोरी, पानांची चाळण करत्यात. उद्या सगळ्यावर औषध मारनार." पुस्तक आणि मावशी, दोघांचेही अर्धेच बरोबर!

मक्यावरचा ढालकिडा चकचकीत होता, पिवळट-लाल पाठीवर काळ्या नागमोडी रेघा. याचे शास्त्रीय नाव चिलोमेनेस सेक्समॅक्युलाटा. हा आणि याची अळी, दोघेही मावा खातात. वांग्यावरचा एपिलॅक्ना भुंगेरा. घराणे तेच, कॉक्सिनेलिडी, पण हा पाने खातो. शिरा सोडून मधला हिरवा भाग खरवडतो, म्हणून पानाची जाळी होते. याच्या पाठीवर बारीक लव असते, त्यामुळे ती मळकट दिसते, आणि ठिपके जातीप्रमाणे १२ किंवा २८. अळ्यांमध्ये फरक आणखी स्पष्ट. मित्राची अळी लांबट, काळपट, सुसरीच्या पिल्लासारखी तुरुतुरु पळणारी. शत्रूची अळी पिवळी, जाडसर, अंगभर फांद्या फुटलेले काटे. वाईट हे, की पहिलीच अळी दिसायला भयंकर असल्यामुळे बिचारी आधी मारली जाते. अंडी मात्र दोघांचीही पिवळी आणि पुंजक्यात घातलेली. नुसत्या अंड्यांच्या फोटोवरून नाव सांगू नये. पान कशाचे आहे तेही फ्रेममध्ये हवे.

म्हणजे बघा, ओळख कशावर ठरली? चमक, लव, ठिपके, झाड आणि पानावरची खूण. एका फोटोत हे सगळे मावत नाही. म्हणून आधी लांबून, झाड आणि पान कळेल असा एक फोटो काढायचा. किडा उडाला तरी तेवढा पुरावा हातात राहतो. मग वरून, मग बाजूने, मग डोक्याकडून. शेजारी आपली ड्रॉइंगची पट्टी धरली की आकारही कळतो. तारीख आणि गाव वहीत लिहून ठेवायचे.

आता आपल्या विषयाकडे, म्हणजे आकडेमोडीकडे. ५० मि.मी.च्या लेन्समागे ५० मि.मी.ची एक्स्टेन्शन ट्यूब लावली तर लेन्स अनंतावर फोकस असताना मॅग्निफिकेशन १ मिळते, म्हणजे ५ मि.मी.चा किडा सेन्सरवरही ५ मि.मी.चाच पडतो. पण फुकट काही मिळत नाही. परिणामी एफ-नंबर म्हणजे मूळ एफ-नंबर गुणिले (१ + मॅग्निफिकेशन). एफ/८ ठेवले तरी काम एफ/१६ चे होते, प्रकाश चौथाईवर येतो. डेप्थ ऑफ फील्डचे ढोबळ सूत्र असे : २ गुणिले एफ-नंबर गुणिले ०.०२ मि.मी. (ही एपीएस-सी सेन्सरला चालणारी अस्पष्टता) गुणिले (१ + मॅग्निफिकेशन), भागिले मॅग्निफिकेशनचा वर्ग. एफ/८ ला उत्तर येते ०.६४ मि.मी. एवढ्यात ढालकिड्याचा घुमटसुद्धा पूर्ण फोकसमध्ये बसत नाही! उपाय एकच, जो भाग ओळखीला हवा त्याला कॅमेऱ्याचा सेन्सर समांतर धरणे. चतुराचे पंख हवेत तर वरून, पोटाची बाजू हवी तर आडवे पडून. कपड्यांची काळजी असणाऱ्याने या भानगडीत पडू नये.

मोबाइलवाल्यांनी निराश होऊ नये. सेन्सर छोटा म्हणून त्यात डेप्थ जास्त मिळते. फार जवळ जाऊन फोटो हलवण्यापेक्षा थोडे मागून काढावा आणि नंतर कापावा. फ्लॅश मात्र थेट मारू नये. मळकट एपिलॅक्नाही थेट प्रकाशात चमकतो आणि मुख्य खूणच पुसली जाते. त्यापुढे ट्रेसिंग पेपरचा तुकडा लावला की प्रकाश मऊ पडतो.

मावशींना मी दोन्ही अळ्या कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर मोठ्या करून दाखवल्या. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी मक्याला नको मारायला?" नको, म्हटलं. वांग्याच्या पानांखालची अंडी आणि पिवळ्या अळ्या त्यांनी हातानेच वेचून साबणाच्या पाण्यात टाकल्या.

हे परसापुरते झाले. याच गोष्टीचे मोठे रूप पश्चिम महाराष्ट्राने २००२ पासून पाहिले. सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा आला आणि बघता बघता इतर ऊसपट्ट्यात पसरला. पानाच्या खालच्या बाजूला पांढरी लोकर, त्यातून खाली पडणारा चिकट स्राव आणि त्यावर वाढणारी काळी बुरशी. पण त्याच लोकरीत डिफा एफिडिव्होरा या पतंगाच्या अळ्या आणि मायक्रोमसच्या अळ्या मावा खात बसलेल्या असायच्या. अळी दिसली की कीड समजणाऱ्याला त्या शत्रूच वाटणार. पुढे हेच मित्रकीटक वाढवून शेतात सोडले गेले आणि ते आहेत तिथे फवारणी टाळा, असा सल्ला शेतकऱ्यांना दिला गेला. तो सल्ला पाळायचा तर आधी डिफा ओळखता यायला हवी ना!

मावा खाणाऱ्यांत सिरफिड माशीची अळीही असते. ही माशी पिवळ्या-काळ्या पट्ट्यांमुळे मधमाशीसारखी दिसते. पुस्तकी नियम असा की माशीला दोन पंख, मधमाशीला चार. पण मधमाशीचे पुढचे-मागचे पंख एकमेकांत अडकतात आणि फोटोत दोनच दिसतात. म्हणून डोक्याचा फोटो घ्यावा. माशीच्या मिशा आखूड, खुंटासारख्या. मधमाशीच्या लांब आणि कोपरासारख्या वाकलेल्या.

फुलपाखरांतही अशी नक्कल चालते. रुईवर वाढणारे प्लेन टायगर पक्ष्यांना बेचव लागते, म्हणून डॅनेड एगफ्लायची मादी हुबेहूब त्याचे रूप घेते. फरक मागच्या पंखावर : टायगरच्या पंखाच्या मध्यावर तीन-चार काळे ठिपके, मादी एगफ्लायच्या वरच्या कडेला एकच. पंख मिटलेला कलात्मक फोटो यापुढे जरा गरीबच ठरतो. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात किंवा कुठल्याही माळावर गेलात तर पंख उघडेपर्यंत थांबावे. किडे पकडू नयेत, फोटो पुरतो.

हॉस्टेलवाल्यांना तर कुठे जायचीही गरज नाही. वळवाचा पहिला पाऊस झाला की संध्याकाळी तपकिरी भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंब-बाभळीवर जमतात आणि आपल्या ट्यूबलाइटवर आपटतात. त्यांत उसाच्या मुळ्या खाणाऱ्या हुमणीचे भुंगेरे असतात. शेतात हुमणीची पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली अळी सापडली तर तिच्या शेवटच्या वलयाचा खालच्या बाजूने फोटो काढा. तिथल्या बारीक केसांच्या मांडणीवरून हुमणीची जात ओळखतात. अळी मातीने माखलेली असते, म्हणून आधी पाण्याच्या थेंबाने ते टोक धुऊन घ्यावे आणि मगच फोकस करावे.