शिक्का कोणी मारला?



पायातील बेडी कायद्याने तोडता येते. मनावर मारलेला शिक्का तसा पुसता येत नाही. हा शिक्का तयार कसा होतो, हे आज अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या उदाहरणावरून समजून घेऊ.

अमेरिकेत १८६५ साली घटनेच्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी संपली. त्यापूर्वी दक्षिणेतील अनेक राज्यांत गुलामाला लिहावाचायला शिकविणे हा गुन्हा होता. ज्याच्या हाती पुस्तक येऊ दिले नाही, त्यालाच पुढे 'बुद्धीने मंद' म्हटले गेले. ज्याच्या घामावर कापसाचे मळे पिकले, त्यालाच 'आळशी' ठरविले. यातील युक्ती ध्यानात घ्या. माणसाला खालच्या पायरीवर ठेवायचे, तर तो त्याच पायरीच्या लायकीचा आहे, असे आधी म्हणावे लागते. पूर्वग्रह उतरंडीला आधार देतो आणि उतरंड पूर्वग्रहाला पुरावा पुरविते.

१८९२ साली न्यू ऑर्लिन्स येथे होमर प्लेसी हा गृहस्थ रेल्वेत गोऱ्यांच्या डब्यात बसला, म्हणून त्याला अटक झाली. १८९६ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, डबे वेगळे पण समान असतील तर त्यात अन्याय नाही. यात काळ्यांना कमीपणा वाटत असेल, तर तो अर्थ त्यांनीच लावून घेतलेला आहे! न्यायमूर्ती हार्लन यांनी एकट्याने या निकालाला विरोध नोंदविला. शिक्का मारणारा निर्दोष आणि ज्याच्यावर तो बसला तोच दोषी, असा हा न्याय होता.

याचे उत्तर लहान मुलांनी दिले. केनेथ व मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ पतिपत्नींनी १९४० च्या सुमारास तीन ते सात वर्षांच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या. बाहुल्या सारख्याच होत्या. फरक फक्त कातडीच्या व केसांच्या रंगाचा. सुमारे दोन-तृतीयांश मुलांनी खेळायला गोरी बाहुली मागितली. 'वाईट दिसणारी कोणती?' असे विचारताच निम्म्याहून अधिक मुलांनी काळीकडे बोट दाखविले. शेवटी विचारले, 'तुझ्यासारखी कोणती?' तेव्हा काही मुलांना रडू कोसळले. उत्तरेतील मिश्र शाळांत शिकणारी मुलेही यातून सुटली नव्हती. तीन वर्षांच्या पोराने हा अर्थ आपल्या मनाने लावला काय? तो त्याला सभोवतालच्या समाजाने शिकविला.

१७ मे १९५४ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की, मुलांना वर्णावरून वेगळे काढल्याने त्यांच्या मनात हीनतेची भावना निर्माण होते, म्हणून वेगळ्या शाळा समान असूच शकत नाहीत. क्लार्क यांच्या संशोधनाचा उल्लेख त्या निकालात आहे. परंतु निकालाने मने लगेच बदलली नाहीत. माँटगोमेरी शहरात बसमधील वेगळ्या जागांविरुद्ध हजारो कृष्णवर्णीय डिसेंबर १९५५ पासून ३८१ दिवस बसमध्ये चढले नाहीत. अनेकजण रोज पायी कामावर गेले. त्या पायपिटीने शहरातील नियम बदलला, आणि चालणाऱ्यांना स्वतःची किंमतही कळली.

बाबासाहेबांनी हे साम्य पूर्वीच ओळखले होते. १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत नेते डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहिले. अस्पृश्यांच्या आणि अमेरिकेतील काळ्यांच्या स्थितीत इतके साम्य आहे की, त्यांचा अभ्यास आवश्यकच आहे, असे त्यात कळविले. ड्युबॉइस यांनी १९०३ मध्येच लिहिले होते की, काळ्या माणसाला सतत दुसऱ्याच्या डोळ्यांनी स्वतःकडे पाहावे लागते.

तेव्हा हा धडा वाचून दोन प्रश्न स्वतःला विचारा. मी अजून कोणाच्या डोळ्यांनी स्वतःकडे पाहतो? आणि कोणत्या समाजाविषयी 'ते लोक तसलेच' असे माझ्या तोंडून सहज निघून जाते? पहिल्या प्रश्नाने आपण आपल्यावरचा शिक्का पुसू लागतो. दुसऱ्याने आपल्या हातातील शिक्का खाली पडतो. दोन्ही झाल्याशिवाय स्वातंत्र्य पुरे होत नाही.