लहान मेंदू उजवा, मग हातही उजवाच का?

प्रश्न : वडिलांना लहान मेंदूच्या उजव्या भागात स्ट्रोक झाला. आता चहाचा कप उचलताना त्यांचा उजवाच हात थरथरतो. उजवा मेंदू डावं अंग चालवतो ना?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : तुमचं निरीक्षण अचूक आहे. उलटं नातं मोठ्या मेंदूचं. लहान मेंदू आपल्याच बाजूचं अंग सांभाळतो. त्याच्या गाभ्यात दोन्ही बाजूंना पेशींचे पुंजके, म्हणजेच केंद्रकं असतात. बाहेर जाणारे बहुतेक संदेश तिथूनच निघतात. त्यांतल्या सर्वांत मोठ्या ‘डेंटेट’ केंद्रकाचे तंतू मध्यमेंदूत बाजू बदलतात आणि थॅलॅमसमार्गे मोठ्या मेंदूकडे पोहोचतात. तिथून स्नायूंकडे निघालेली आज्ञा पुन्हा बाजू बदलते. दादरला एका पुलावरून पश्चिमेला गेलात आणि दुसऱ्यावरून परतलात, तर शेवटी पूर्वेलाच येता, तसंच हे. मध्यरेषेजवळच्या ‘फॅस्टिजियल’ केंद्रकाचे संदेश मात्र तोल राखणाऱ्या केंद्रांकडे जातात. तिथे इजा झाली की चाल झोकांडते.

नियमित फिजिओथेरपीने अनेकांचा हात पुष्कळ सुधारतो, म्हणून व्यायाम सोडू देऊ नका. आणि पुन्हा अचानक तोल गेला, बोलणं अडखळलं किंवा एकच वस्तू दोन दिसू लागली, तर घरी थांबू नका. ताबडतोब परळचं केईएम किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठा.