कळ थांबली, खडा नाही

मालेगाव

चि. बाळू,


सोनोग्राफीचा रिपोर्ट पाहिला. पित्ताशयात खडे आहेत, रात्री-अपरात्री कळ येते, तरी काढ्याने आराम पडला म्हणून ऑपरेशन लांबवावं असं तुझ्या मनात आहे. हिशेब चुकतोय तो इथेच. शेवभाजीचा तवंग पोटात गेला की पित्ताशय आवळतं आणि एखादा खडा त्याच्या तोंडाशी अडकतो. मग उजव्या बरगडीखाली किंवा छातीच्या खळगीत दुखू लागतं आणि ते पाठीत, उजव्या खांद्यापर्यंत जातं. अर्धा तास ते चार-पाच तास ठणका एकसारखा राहतो, उलटी होऊनही हलका होत नाही. पुढे खडा मागे घसरतो आणि दुखणं आपोआप बसतं. त्या घटकेला पोटात इनो असो, ओवा असो की कुळथाचा काढा, श्रेय त्यालाच मिळतं. म्हणून या दुखण्यावर औषधं उदंड आणि प्रत्येकाचा साक्षीदार तयार!

ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस पिऊन हिरवे खडे पडल्याचं लोक छातीठोकपणे सांगतात. पडतं ते खरंच. पण ‘लॅन्सेट’मध्ये २००५ साली अशा खड्यांची तपासणी छापून आली, तेव्हा ते तेल-लिंबापासून आतड्यात बनलेले साबणाचे गोळे निघाले. खडे विरघळवणारी गोळी डॉक्टरांकडेही आहे, पण ती लहान, कोलेस्टेरॉलच्या खड्यांवरच चालते, महिनोन्‌महिने घ्यावी लागते आणि बंद केल्यावर पुष्कळांना खडे पुन्हा होतात.

तू म्हणशील, कितीतरी लोक खडे घेऊन जन्मभर सुखात असतात. बरोबर आहे, आणि न दुखणारे खडे डॉक्टरही बहुधा काढत नाहीत. पण एकदा कळ येऊ लागली की ती पुन्हा येण्याचा संभव मोठा, म्हणून तुला तो नियम लागू नाही. पित्ताशयाशिवाय पचन कसं होणार, ही शंकाही रास्त आहे. पण पित्त तयार होतं यकृतात. पित्ताशय नुसतं साठवतं. ते काढल्यावर पित्त थेट आतड्यात उतरतं. काहींना थोडे दिवस जुलाब होतात, एवढंच. पोट फाडण्याची भीती तर जुनी झाली: मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी १९९० साली दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, आणि आज ती नित्याची शस्त्रक्रिया आहे.

तारीख मिळेपर्यंत तळण आणि तूप कमी कर, पण वजन उतरवायला कडकडीत उपास धरू नकोस. झपाट्याने वजन उतरलं तरी खडे वाढतात. कळ आली तर डायक्लोफेनॅकसारखं औषध चांगलं चालतं, मात्र किडनी किंवा अल्सरचा त्रास आहे का, हे डॉक्टरांना आधी सांग. दुखणं पाच-सहा तासांवर गेलं, थंडी-ताप भरला, डोळे पिवळे किंवा लघवी गडद झाली, तर सकाळची वाट न पाहता इथल्या सामान्य रुग्णालयात जा, आणि तिथून नाशिकला पाठवलं तर तसाच निघ. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुझं ऑपरेशन बसतं का, तेही तिथेच विचार. रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेव.

तुझा,
मामा