तांबडा म्हणजे कोणता?

इंग्रजी निबंध तपासतांना शिक्षकाच्या हातून विद्यार्थ्यांच्या चुका जशा दुरुस्त होतात, तशा कांहीं नव्या चुका घडतातही. अशाच एका चुकीपासून हा लेख आरंभिणें आम्हांस योग्य वाटतें.

'माझी आई' ह्या विषयावर लिहितांना आठवीच्या एका विद्यार्थ्यानें आईच्या सणाच्या लुगड्यास 'क्रिम्झन' असें विशेषण दिलें होतें. कोशांतून उचललेला हा भारी शब्द असावा, असें समजून आम्हीं त्यावर रेघ मारली व वर 'रेड' असें लिहिलें. वही परत मिळाल्यावर मुलगा आमच्याजवळ आला आणि नम्रपणें म्हणाला, "सर, आईचं लुगडं तांबडं नाहीं, किरमिजी आहे. तांबडं आहे तें काकूचं." घरांत दोन लुगडीं, त्यांचे दोन रंग, आणि आम्हीं दोहोंस एकच नांव देऊन मोकळे झालों होतों! त्या रात्रीं आम्हीं कोश उघडला, तेव्हां मुलगा बरोबर होता व आम्ही चुकलों होतों, हें स्पष्ट दिसलें.

'क्रिम्झन' आणि 'किरमिजी' हे मुळांत एकाच घराण्यांतले शब्द आहेत. भूमध्य समुद्राच्या आसपास ओक जातीच्या झुडुपांवर एक बारीक किडा आढळतो. तो वाळवून त्यापासून पूर्वीं मोलाचा तांबडा रंग काढीत. अरबींत त्यास 'किर्मिझ' म्हणत. हा शब्द आपल्या 'कृमि' शब्दाचा सोयरा होय. तोच पश्चिमेकडे जाऊन इंग्लंडांत 'क्रिम्झन' झाला आणि आपल्याकडे 'किरमिजी' म्हणून राहिला.

'स्कार्लेट' हा शब्द मात्र प्रथम रंगाचा नव्हताच. तें एका उंची लोकरी कापडाचें नांव होतें. तें कापड बहुधा झगझगीत तांबड्या रंगांत रंगवीत. म्हणून कापडाचें नांव पुढें रंगास चिकटलें. आज ह्या दोन शब्दांतील भेद असा: स्कार्लेट हा उजळ तांबडा असून त्यांत नारिंगी छटा असते, क्रिम्झन हा गडद असून त्यांत निळसर झांक असते. पांगाऱ्याचें फूल स्कार्लेट. पिकलेल्या डाळिंबाचे दाणे क्रिम्झन. ब्रिटिश पायदळाच्या समारंभी पोषाखांत अधिकाऱ्याचा पट्टा साधारणतः क्रिम्झन व सार्जंटचा स्कार्लेट असतो. तेथें दोहोंस 'रेड' म्हणून भागणार नाहीं, कारण रंगावरूनच हुद्दा ओळखावयाचा असतो.

ह्यांचाच तिसरा भाऊ 'व्हर्मिलियन'. हा शब्द 'लहान किडा' ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून निघाला. परंतु आज तो ज्या द्रव्यास लावतात त्यांत किडा मुळींच नाहीं. तें पारा व गंधक ह्यांच्या संयोगानें होतें; आपण त्यास हिंगूळ म्हणतों. आपला शेंदूर शिशापासून करतात. तेव्हां व्हर्मिलियनचें भाषांतर 'शेंदरी' असें केल्यास रंग जवळचा येतो, पण पदार्थ बदलतो. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीं हें विशेष लक्षांत ठेवावें.

'पर्पल' व 'व्हायोलेट' ह्या दोहोंस आपण 'जांभळा' म्हणतों. न्यूटननें 1704 सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रकाशविषयक ग्रंथांत इंद्रधनुष्याचे सात रंग सांगितले आहेत. आपली मुलें ते 'तानापिहिनिपाजा' असे पाठ करतात. त्यांतला शेवटला 'जा' म्हणजे व्हायोलेट, पर्पल नव्हे. पर्पल हा इंद्रधनुष्यांत नाहींच. तांबडा व निळा प्रकाश एकत्र आल्यानें तो दिसतो. प्राचीन काळीं सोर शहराच्या किनाऱ्यावर समुद्रांतील गोगलगाईंपासून पर्पल रंग काढीत. तो फार महाग असे, म्हणून तो राजवस्त्रांचा रंग ठरला. प्रेषितांच्या कृत्यांतील लुदिया ह्याच वस्त्रांचा व्यापार करी. पुढें 1856 सालीं विल्यम पर्किन नांवाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी क्विनाईन तयार करूं पाहात असतां त्यास फिकट जांभळा रंग सांपडला. त्यास 'मोव्ह' असें एका फुलाचें फ्रेंच नांव मिळालें, आणि राजांचा रंग सामान्यांच्या अंगावर आला.

येथें कोणी म्हणेल कीं, इंग्रजी भाषा समृद्ध व आपली दरिद्री. तसें नाहीं. 'ऑरेंज' हा शब्द आपल्या 'नारंग' शब्दाचाच प्रवास करून गेलेला वंशज आहे. इंग्रजींत तें आधीं फळाचें नांव झालें व सोळाव्या शतकांत रंगास लागूं लागलें. त्यापूर्वीं नांव पडलेल्या रॉबिन पक्ष्याची छाती नारिंगी असूनही त्यास 'तांबड्या छातीचा' असेंच म्हणतात. शब्द नव्हता, म्हणून डोळ्यांना रंग दिसत नव्हता असें नाहीं. उलट मोरपंखी, अबोली हे आपले शब्द इंग्रजींत एका शब्दांत आणणें सोपें नाहीं.

विद्यार्थ्यांनीं शब्दांच्या याद्या घोकूं नयेत. दोन कापडें दिवसाच्या उजेडांत शेजारीं ठेवावीं व स्वतःस विचारावें: हा तांबडा झेंडूकडे झुकतो कीं जांभळाकडे? झेंडूकडे झुकला तर स्कार्लेट, जांभळाकडे झुकला तर क्रिम्झन. पालकांस आमची विनंति अशी कीं, घरांत बोलतांना सर्वच गोष्टींस 'लाल' म्हणून मोकळें होऊं नये. किरमिजी, डाळिंबी, शेंदरी, गुलाबी हे शब्द मुलांच्या कानांवर पडूं द्यावे. ज्यास आपल्या भाषेंत भेद दिसतो, त्यालाच परक्या भाषेंतला भेद लवकर उमगतो. त्या मुलास तो आईच्या लुगड्यावरून आधींच ठाऊक होता.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं त्याची वही मागून घेतली, 'रेड' खोडून त्याचा शब्द पुन्हां लिहिला, व समासांत आपली सही केली. शिक्षकाची चूक शिक्षकानें दुरुस्त केलेली मुलांनीं पाहणें हाही शिक्षणाचाच भाग आहे, असें आम्हांस वाटतें.