उघडे कपाट

शहरातील पुष्कळ शाळांत पुस्तकांचे एक कपाट असते. त्याला काचेची दारे असतात आणि काचेतून पुस्तकांची रंगीत पाठ दिसते. दारांना कुलूप असते. किल्ली ज्या शिक्षकांजवळ असते, त्यांच्यामागे हजेरीपटापासून परीक्षेपर्यंत शंभर कामे असतात. शिवाय एखादे पुस्तक हरवले तर ते भरून कोणी द्यावयाचे, ही काळजीही असते. अशा कपाटातील पुस्तके वर्षानुवर्षे सुरक्षित राहतात, नवीकोरी राहतात आणि न वाचलेलीही राहतात.

ज्या मुलाच्या घरी पुस्तके आहेत, त्याचे या कुलपामुळे फारसे अडत नाही. परंतु महानगरात एकाच खोलीत पाच-सहा माणसे राहतात, अशी घरे थोडी नाहीत. तेथे पाठ्यपुस्तकाखेरीज छापलेला कागद म्हणजे भिंतीवरची दिनदर्शिका, नाही तर वाणसामानाची पुडी. अशा घरातील मुलाच्या हाती गोष्टीचे पहिले पुस्तक यावयाचे, ते बहुधा शाळेतूनच. शाळेतून आले नाही, तर ते कदाचित कधीच येणार नाही.

आणि ते न आल्याने होणारी हानी लहान नव्हे. वाचन ही पोहण्यासारखी विद्या आहे. ती सरावानेच अंगी मुरते. आरंभी मूल एकेक अक्षर जुळवीत पुढे सरकते. त्याची सारी शक्ती अक्षरे ओळखण्यातच खर्च होते आणि वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत त्याच्या आरंभाचा विसर पडतो. पुढे सराव वाढला, म्हणजे शब्द नजरेस पडताच ओळखू येऊ लागतात. मन मोकळे होते आणि अर्थाकडे वळते. तेव्हा कोठे वाचनाचा आनंद सुरू होतो. एवढ्या सरावास वर्षाचे एक पाठ्यपुस्तक पुरत नाही. त्यासाठी सोपी, मनोरंजक आणि निरनिराळ्या विषयांची पुष्कळ पुस्तके लागतात. हा सराव ज्याला घडत नाही, ते मूल पुढील इयत्तांत इतिहास आणि विज्ञान यांतही मागे पडते. कारण त्या विषयांची दारेही वाचनाच्याच किल्लीने उघडतात.

पुस्तकांच्या या कुलपाविरुद्ध ज्यांनी भारतात जन्मभर प्रयत्न केले, त्यांत डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांचे नाव अग्रभागी आहे. १८९२ मध्ये तमिळ प्रदेशात जन्मलेले रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. परंतु ते शांत, ओस काम त्यांना मुळीच रुचेना. विद्यार्थ्यांमध्ये रमणाऱ्या माणसाला त्या निर्जन दालनात करमावे कसे? त्यांनी अध्यापनाकडे परत जाण्याची इच्छा दर्शविली. तेव्हा, प्रथम इंग्लंडला जाऊन तेथील ग्रंथालये पाहावी आणि मग निर्णय घ्यावा, असे ठरले. तेथे कामकरी, गृहिणी, मुले असे सर्व थरांतील लोक ग्रंथालयांचा लाभ घेताना त्यांना दिसले. ग्रंथालय म्हणजे पुस्तकांचे कोठार नव्हे, तर शिक्षणाचे जिवंत साधन आहे, हे त्यांच्या मनाने घेतले आणि ते आयुष्यभराचे ग्रंथपाल होऊन परतले.

१९३१ मध्ये रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम प्रसिद्ध केले. पुस्तके उपयोगासाठी आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. वाचकाचा वेळ वाचवावा. आणि ग्रंथालय ही वाढणारी संस्था आहे. हे नियम ऐकावयास इतके सोपे वाटतात की, यात नवीन ते काय, असा प्रश्न पडावा. परंतु वरील बंद कपाटाला ते लावून पाहिले, म्हणजे त्यांचे मोल कळते. पहिला नियम म्हणतो, कुलूप काढा. दुसरा म्हणतो, चौथीतील मुलाला पंडितांचा ग्रंथ देऊ नका. त्याला आवडेल आणि झेपेल असेच द्या. तिसरा म्हणतो, मागच्या रांगेत दडलेले पुस्तक पुढे आणा, त्याची ओळख करून द्या. चौथा म्हणतो, पुस्तके अशी लावा की हवे ते चटकन सापडावे. आणि पाचवा म्हणतो, एकदा पुस्तके घेतली की काम संपले असे मानू नका.

शाळेचे ग्रंथालय सुधारण्याचा एक उल्लेखनीय प्रयत्न एकविसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील न्यू यॉर्क शहरात झाला. तेथील गरीब वस्त्यांतील अनेक प्राथमिक शाळांची ग्रंथालये दुर्लक्षित होती. एका सेवाभावी संस्थेने शहराच्या शिक्षण खात्याच्या सहकार्याने ती नव्याने उभारावयाचे ठरविले. वास्तुशिल्पी आणि चित्रकार पुढे आले. प्रकाशकांनी पुस्तके दिली. इमारती जुन्या होत्या आणि त्यांची छते उंच होती. मुलांचा हात मात्र तेवढा उंच पोचणार नव्हता, म्हणून पुस्तकांच्या फळ्या खालीच बसविल्या. वर भिंतीची रुंद पट्टी रिकामी राहिली. तेथे काय लावावे? एका ग्रंथालयात त्या जागी त्याच शाळेतील मुलांची मोठमोठी छायाचित्रे लावण्यात आली. खाली पुस्तके आणि वर ती वाचणाऱ्यांचे चेहरे! ही खोली आपल्याचसाठी आहे, हे तेथे पाऊल टाकणाऱ्या मुलाला कोणी निराळे सांगण्याची गरज उरली नाही.

तथापि सुंदर खोली आणि नवी पुस्तके आली, म्हणजे मुले आपोआप उत्तम वाचू लागतात, असे समजणे घाईचे ठरेल. कर्नाटकातील सरकारी शाळांसाठी चालविलेल्या ग्रंथालय योजनेची काही संशोधकांनी काटेकोर परीक्षा केली. चिठ्ठ्या टाकाव्या तशा रीतीने काही शाळा निवडून त्यांना ग्रंथालयाचा लाभ देण्यात आला आणि इतर शाळांना देण्यात आला नाही. सोळा महिन्यांनंतर दोन्ही गटांतील मुलांची भाषेची चाचणी घेतली, तेव्हा त्यांत लक्षात येण्याजोगा फरक आढळला नाही. हा निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला.

याच्या उलट अनुभव फिलिपाईन्स देशातील तार्लाक प्रांतात आला. तेथील चौथीच्या वर्गांत एकतीस दिवसांचे वाचनसत्र योजण्यात आले. मुलांच्या वयाला शोभतील अशी पुस्तके वर्गात आणली. वाचन आनंददायक कसे करावे, याचे शिक्षण शिक्षकांना दिले आणि रोजच्या दिनक्रमात वाचनाला स्थान दिले. सत्र संपले तेव्हा ही मुले इतर शाळांतील मुलांपेक्षा आठवड्याला सरासरीने एकाहून अधिक पुस्तके जास्त वाचीत होती आणि त्यांचे वाचनकौशल्यही वाढले होते. तीन महिन्यांनी पुन्हा पाहिले, तेव्हा अधिक वाचन करण्याची सवय काही प्रमाणात टिकून होती. कौशल्यातील वाढ मात्र निम्म्यावर आली होती. रोजच्या व्यायामाने कमावलेले शरीर व्यायाम सुटताच सैलावते, तसाच हा प्रकार.

या दोन्ही अनुभवांतून ग्रंथालये निरर्थक आहेत, असा अर्थ निघत नाही. विहीर खणली म्हणून शेत भिजत नाही. पाणी काढावे लागते आणि पाटाने पिकापर्यंत न्यावे लागते. त्याचप्रमाणे पुस्तक शाळेत येणे ही पहिली पायरी आणि ते मुलाकडून वाचले जाणे ही शेवटची. या दोहोंमध्ये वाचनाचा तास हवा, पुस्तक सुचविणारे जाणते माणूस हवे आणि पुस्तक घरी नेण्याची मुभा हवी.

महानगरात आणखी एका गोष्टीचे अवधान ठेवावे लागते. मुंबई महानगरपालिकेच्या शाळांतून मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशा आठ भाषांच्या माध्यमांतून शिक्षण दिले जाते. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावयाचे, तर ते त्याच्या भाषेतही असावयास हवे. आवडही निरनिराळी असते. एखाद्याला पक्ष्यांची माहिती हवी असते, तर एखादीला भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेची धाडसे हवी असतात. ‘हे वाच, ते वाचू नकोस’ असे पदोपदी बजावले, की नुकताच वाचू लागलेला मुलगा बुजतो. आवडीचे पुस्तक त्याला आवश्यक पुस्तकाच्या दारापर्यंत पुष्कळदा स्वतःच घेऊन जाते.

भारतातील २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात वृत्तपत्रे, मासिके व गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे सांगितले आहे. म्हणजे ग्रंथालय ही आता शाळेची कृपा नव्हे. तो मुलांचा अधिकार आहे. अधिकाराबरोबर कर्तव्यही येते. घेतलेले पुस्तक वेळेवर परत करणे, पाने न दुमडणे, सुटलेले पान चिकटवून देणे आणि आवडलेल्या पुस्तकाविषयी दुसऱ्याला सांगणे, ही कामे मुलांनाच करता येतात. मुले पुस्तके जपतात, असा विश्वास एकदा उत्पन्न झाला, की कुलूप लावण्याचे कारणच उरत नाही.

हाताळून पुस्तकाचे कोपरे झिजतात, पाठ सैल होते, कधी मुखपृष्ठाला चिकटपट्टी लावावी लागते. व्यापाऱ्याच्या दृष्टीने ते पुस्तक जुने झाले. ग्रंथालयाच्या दृष्टीने मात्र अशा झिजलेल्या पुस्तकांनी भरलेले कपाट हेच शाळेचे खरे वैभव होय.

स्वाध्याय

१. कपाटातील पुस्तके सुरक्षित राहूनही शाळेची हानी कशी होते?
२. रंगनाथन यांचे पाच नियम सांगून त्यांपैकी कोणताही एक नियम उदाहरणाने स्पष्ट करा.
३. कर्नाटकातील आणि तार्लाकमधील अनुभवांत कोणता फरक दिसून आला?
४. ‘विहीर खणली म्हणून शेत भिजत नाही’ या वाक्याचा पाठातील अर्थ लिहा.
५. आपल्या शाळेच्या ग्रंथालयातील सर्वांत अधिक झिजलेली तीन पुस्तके शोधा. ती मुलांना का आवडली असावीत, ते वर्गात सांगा.