टिकावाचं गाणं : जॅझच्या कानाने चित्र कसं बघायचं?

मंडळी, निधीच्या पुस्तिकेत जाहिराती आणि शुभेच्छा यांच्या जोडीला एखादा अभ्यासाचा लेख असावा, अशी पद्धत आहे. यंदा आम्ही विषय निवडलाय तो दक्षिण आफ्रिकेच्या एका चित्रकाराचा. त्याचं नाव जेरार्ड सेकोटो. हा माणूस चित्रकार तर होताच, पण पियानोही वाजवायचा आणि गाणी रचायचा. काही काळ तर त्याचं पोट जॅझवरच चाललं. वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी त्याने देश सोडला आणि पुढची पंचेचाळीस वर्षं परदेशातच काढली.

आता तुम्ही म्हणाल, चित्रकलेतलं आपल्याला काय कळतं? खरं सांगायचं तर आम्हीही बहुतेक जण कॉम्प्युटरवाले. रंगांपेक्षा कीबोर्डशीच संबंध जास्त. पण गाणं सगळ्यांना कळतं, आणि सेकोटोच्या चित्रांत शिरायचा सगळ्यात सोपा दरवाजा गाण्याचाच आहे. तोच आज उघडून बघू.

थोडी ओळख

सेकोटोचा जन्म ९ डिसेंबर १९१३ चा. गाव बोत्शाबेलो. तेव्हाच्या ट्रान्सवाल प्रांतातलं, मिडेलबर्गजवळचं हे एक लुथेरन मिशनचं ठाणं. वडील शिक्षक होते. घरात हार्मोनियम होती आणि तिच्यावर पोराची बोटं लहानपणीच बसली. ही हार्मोनियम म्हणजे पायाने भाता मारायची पेटी. आपल्या संगीत नाटकांत ऑर्गन वाजायचा ना, त्याच घराण्यातली.

पुढे तो शिक्षक झाला आणि खायसो नावाच्या शाळेत त्याने चार वर्षं शिकवलं. अर्नेस्ट मँकोबा हा त्याचा सहकारी १९३८ साली पॅरिसला गेला. त्याच वर्षी फोर्ट हेअर कॉलेजच्या चित्रस्पर्धेत सेकोटोला दुसरं बक्षीस मिळालं. १९३९ मध्ये त्याने नोकरी सोडली आणि जोहान्सबर्गला, सोफियाटाऊन वस्तीत नातेवाइकांकडे राहायला आला.

सोफियाटाऊन म्हणजे जोहान्सबर्गमधला एक अपवादच. तिथे काळ्या लोकांना स्वतःच्या नावावर जमीन घेता येत होती. घरं दाटीवाटीची, पैशाची चणचण, पण रस्ता कायम जागा. आणि त्या रस्त्यावर ऐकू यायचं ते संगीत समजून घेतल्याशिवाय आपला पुढचा धडा पूर्ण होणार नाही.

माराबी : तीन सुरावटींचा लूप

१९२० आणि ३० च्या दशकांत जोहान्सबर्गच्या गरीब वस्त्यांत ‘माराबी’ नावाचं संगीत तयार झालं. काळ्या लोकांना दारू विकत घ्यायची कायद्याने बंदी होती. मग बायका घरीच बिअर बनवायच्या आणि चोरून विकायच्या. अशा घरांना ‘शेबीन’ म्हणत. गिऱ्हाईक टिकावं म्हणून कोपऱ्यात कुणीतरी पायपेटी नाहीतर पियानो वाजवत बसलेला असायचा. सोबतीला गिटार किंवा बँजो, आणि खडे भरलेला पत्र्याचा डबा. तालवाद्य म्हणून तोच पुरायचा.

या संगीताची रचना साधी. तीन कॉर्ड्सचं एक छोटं चक्र, आणि ते चक्र पुन्हा पुन्हा, रात्रभर. आमच्या भाषेत सांगायचं तर लूप. पण तबल्याच्या सोलोत हार्मोनियमवर लेहरा चालू असतो तो आठवा. लेहरा बदलत नाही, म्हणूनच तबलजीला मोकळीक मिळते. माराबीतही तसंच. खालचं चक्र ठाम, आणि वर कुणी गाणं जोडतंय, कुणी नाचतंय, कुणी तालाशी खेळतंय. अमेरिकेतून जॅझच्या तबकड्या आल्या तेव्हा इथले कान तयारच होते. दोन्हींची सरमिसळ झाली आणि ‘जॅझ मॅनिअॅक्स’सारखे बँड उभे राहिले. सेकोटो जोहान्सबर्गला आला तो या सगळ्याच्या ऐन भरात.

आता आजच्या धड्याचं सूत्र सांगतो. जॅझमध्ये दोन गोष्टी एका वेळी चालतात : न बदलणारा ठेका आणि त्याच्यावर मोकळा फिरणारा आवाज. सेकोटोच्या चित्रात या दोन्ही शोधायच्या. त्याने स्वतः असं सूत्र मांडलं होतं असा आमचा दावा नाही. ही आमची चित्र वाचायची रीत आहे. ती किती उपयोगी पडते ते एका चित्रावर तपासू.

चित्र वाचूया

चित्राचं नाव ‘साँग ऑफ द पिक’, म्हणजे टिकावाचं गाणं. काळ १९४६-४७. सेकोटो तेव्हा प्रिटोरियाजवळच्या ईस्टवूड वस्तीत आईकडे राहत होता.

चित्रात मजुरांची एक रांग आहे. सगळे काळे, सगळ्यांच्या हातात टिकाव, आणि सगळे टिकाव एकाच वेळी वर उचललेले. समोर गोरा मुकादम उभा आहे, खिशात हात, तोंडात पाइप.

*आधी ठेका शोधा.* टिकावांच्या दांड्यांवरून नजर फिरवा. एक तिरकी रेघ, मग तशीच दुसरी, मग तिसरी. पाठी वाकलेल्या, त्याही एकामागे एक. हाच आपला लूप. डोळ्यांनी बघत असलो तरी अंगात ताल येतो. काम करताना सगळ्यांचा घाव एकत्र पडावा म्हणून मजूर गातात. आपल्याकडे जात्यावर ओव्या म्हणत, त्यातही हाताची लय आणि गाण्याची लय एकच असते.

*आता मोकळा आवाज शोधा.* रांग एकसारखी वाटते, पण माणसं एका साच्यातली नाहीत. प्रत्येकाच्या कपड्याचा रंग वेगळा, उजेड प्रत्येकावर वेगळा पडलाय. रंगांनी ठेक्यावर आपापली जागा घेतली आहे.

*शेवटी बघा, ठेक्याच्या बाहेर कोण आहे.* मुकादम. त्याच्या हातात टिकाव नाही. तो एकटा आणि किरकोळ दिसतो. हे चित्र एका छायाचित्रावरून सुचलं. सेकोटोने त्यात काय बदललं, तर वजन. सगळी ताकद मजुरांच्या रांगेकडे सरकवली. हुकूम मुकादमाचा असेल, पण गाणं त्याचं नाही. पोस्टर नाही, घोषणा नाही, आणि तरीही १९४७ च्या दक्षिण आफ्रिकेबद्दल इतकं स्पष्ट बोलणारं चित्र आम्ही तरी दुसरं पाहिलेलं नाही.

हीच रीत त्याच्या ‘यलो हाउसेस’ या सोफियाटाऊनच्या चित्राला लावून बघा. तिथे ठेका घरांचा आहे, रस्त्याच्या कडेने जाणारा पिवळा ठेका. १९४० साली जोहान्सबर्ग आर्ट गॅलरीने हे चित्र विकत घेतलं. काळ्या चित्रकाराचं त्या गॅलरीने घेतलेलं हे पहिलंच चित्र. ते भिंतीवर लागलेलं बघायला सेकोटोला सफाई कामगार बनून आत जावं लागलं, अशी गोष्ट सांगितली जाते.

दिवसा रंग, रात्री पियानो

चित्रं विकून चार पैसे गाठीला जमले तसा १९४७ साली सेकोटो पॅरिसला निघाला. पुढच्याच वर्षी, १९४८ मध्ये, दक्षिण आफ्रिकेत नॅशनल पार्टी सत्तेवर आली आणि वर्णभेद हे सरकारचं अधिकृत धोरण झालं.

पॅरिसमध्ये कुणी ओळखत नव्हतं. पैसे संपत आले. तेव्हा लहानपणची ती पेटी उपयोगाला आली. ‘लेशेल द जाकोब’ नावाच्या एका नाइटक्लबमध्ये त्याला पियानो वाजवायचं काम मिळालं. रात्री जॅझ वाजवायचं, हार्लेमची गाणी आणि अमेरिकन काळ्या लोकांची भक्तिगीतं गायची, आणि त्या पैशांतून खोलीचं भाडं, रंग आणि चित्रशाळेची फी भागवायची. एकोणतीस गाणी त्याने रचली, त्यांतली काही प्रसिद्धही झाली.

हे सगळं रम्य होतं असं मात्र समजू नका. दारू वाढली, एकटेपणाने मन खचलं आणि १९४९ मध्ये त्याला मनोरुग्णालयात दाखल व्हावं लागलं. परदेशात एकट्याने राहण्याचे पहिले दिवस काय असतात हे इथल्या बऱ्याच वाचकांना वेगळं सांगायला नको. पण आपल्याला सुट्टीत घरी जाता येतं. सेकोटो त्या देशात परत कधीच गेला नाही.

आणि जायचं तरी कुठे? ९ फेब्रुवारी १९५५ ला पोलीस सोफियाटाऊनमध्ये शिरले. माणसं ट्रकमध्ये भरून नेली, घरं पाडली आणि तिथे गोऱ्यांसाठी नवी वस्ती वसवली. तिला नाव दिलं ‘ट्रायोम्फ’, म्हणजे विजय! केपटाऊनच्या ‘डिस्ट्रिक्ट सिक्स’ भागात सेकोटो १९४२ पासून तीन वर्षं राहिला होता. तो भाग १९६६ साली गोऱ्यांसाठी राखीव ठरला आणि पुढे साठ हजारांच्या आसपास माणसं तिथून हलवली गेली. ईस्टवूडही उरलं नाही. ज्या तीन वस्त्यांत त्याने आपली गाजलेली चित्रं काढली, त्या तिन्ही पुसल्या गेल्या. तिथला उजेड, तिथले रस्ते आज पाहायचे तर त्याच्या चित्रांत.

मग बाहेर गेल्यावर तो हरला का?

सेकोटोवर लिहिणाऱ्यांपैकी काहींचं मत असं, की १९४७ पर्यंतची त्याची चित्रं अव्वल आणि पॅरिसनंतरची फिकी. आठवणीवरून तेच ते रस्ते, त्याच त्या बायका.

या मताला आधार नाही असं नाही. पॅरिसमधली काही चित्रं खरंच थकलेली वाटतात. समोर रस्ता असताना जो ताजेपणा येतो तो आठवणीत कुठून येणार? पण इथेच जॅझचा कान लावायला हवा. जॅझ वाजवणारा माणूस तीच धून हजार वेळा वाजवतो. आज त्यात काय सापडलं, हे बघायचं असतं. सेकोटोने साठच्या दशकात निळ्या रंगातले चेहरे काढले. त्यांत नाक-डोळे ओळखीचे करायचा आग्रहच नाही. चेहरा सपाट तुकड्यांत मोडलेला आणि निळ्याच्या छटा एकमेकींवर रेंगाळणाऱ्या, ब्लूज गाताना सूर रेंगाळतो तशा. १९६६ मध्ये तो कृष्णवर्णीय कलांच्या पहिल्या जागतिक महोत्सवासाठी डाकारला, सेनेगलला गेला आणि जवळजवळ वर्षभर तिथेच राहिला. तिथून पुढे त्याच्या माणसांच्या आकृत्या उंच झाल्या, रंग मोकळे झाले. ठेका जुनाच, आवाज नवा.

आम्हाला वाटतं, प्रश्नच थोडा चुकीचा विचारला जातो. गाव सोडलेल्या माणसाकडून दोन उलट्या मागण्या होतात : गावासारखंच राहा, आणि पुढेही जा. सेकोटोने दोन्ही केलं. कधी जमलं, कधी नाही जमलं.

१९८९ साली, म्हणजे वर्णभेद संपायच्या आधीच, जोहान्सबर्ग आर्ट गॅलरीने त्याच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरवलं आणि विटवॉटर्सरँड विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. २० मार्च १९९३ ला पॅरिसजवळच्या नोजाँ-सुर-मार्न इथे कलावंतांच्या वृद्धाश्रमात तो गेला. देशात सर्वांना मताधिकार देणारी निवडणूक झाली ती त्यानंतर तेरा महिन्यांनी. सोफियाटाऊनला त्याचं जुनं नाव २००६ मध्ये परत मिळालं. २०२५ साली पॅरिसच्या पोम्पिदू सेंटरमध्ये कृष्णवर्णीय कलावंतांच्या पॅरिसवर मोठं प्रदर्शन झालं, त्यात सेकोटो होताच.

देणाऱ्यांसाठी एक गोष्ट

ही निधीची पुस्तिका आहे, म्हणून एवढं सांगतोच. सोफियाटाऊनच्या दिवसांत सेकोटोला दोन माणसं भेटली. एक ब्रदर रॉजर कासल, सेंट पीटर्स या मिशनच्या शाळेतले. त्यांनी त्याच्या चित्रांना लोकांपर्यंत नेलं. दुसरी चित्रकार ज्युडिथ ग्लकमन. तिने त्याला तैलरंग कसे हाताळायचे ते दाखवलं. काय काढायचं ते त्याचं त्याच्यावर सोडलं.

याच सेंट पीटर्स शाळेत पुढे पंधराएक वर्षांनी फादर ट्रेव्हर हडलस्टन यांनी एका मुलाला ट्रंपेट मिळवून दिलं. त्या मुलाचं नाव ह्यू मासेकेला. त्याच मुलांच्या बँडसाठी १९५६ मध्ये लुई आर्मस्ट्राँगने अमेरिकेतून आपलं एक ट्रंपेट पाठवलं. मासेकेला पुढे जगभर गाजला. देणगी म्हणाल तर एक वाद्य, आणि थोडं तैलरंगांचं शिक्षण. हत्यार हातात द्यायचं आणि सूर ज्याचा त्याला लावू द्यायचा, एवढं पथ्य पाळलं म्हणून ती कामी आली. मदत देताना आम्हीही हे पथ्य लक्षात ठेवायचं ठरवलंय.

घरी करून बघा

१. मुलांना जवळ बसवून ‘साँग ऑफ द पिक’ शोधा. टिकाव मोजू नका, टिकावांवर टाळी वाजवा.

२. माराबीची किंवा जुनी दक्षिण आफ्रिकन जॅझची एखादी चीज लावा. खालचं चक्र कुठे पुन्हा सुरू होतं तिथे ‘सम’ म्हणा. दोन मिनिटांत सापडेल.

३. मग ‘यलो हाउसेस’ बघा आणि एकमेकांना विचारा : यात ठेका कशाचा आणि मोकळा आवाज कुणाचा?

उत्तरं वेगवेगळी आली तर उत्तमच. कार्यक्रमाला याल तेव्हा चहाच्या टेबलाशी आम्हाला गाठा आणि तुमचं उत्तर सांगा.